विचारायला आलेल्याशी सरळ बोल

बाळा,

रात्री तुझा मेसेज वाचला. ‘लोकांना गंमतच कळत नाही’ हे झोंबलं, कारण तुझ्या वयात मीही हेच म्हणायचो. त्या शेतकऱ्याने गटावर विचारलं, केळीला ठिबकमधून युरिया किती सोडू? तू लिहिलंस, ‘सोडा मनाला येईल तेवढा, झाडं तुमचीच आहेत.’ तो गटातून निघून गेला आणि तू मला विचारतोस, माझं काय चुकलं?

विचारायला आलेल्याला तिरकं उत्तर द्यायचं नाही. तेवढंच चुकलं.

तिरकं बोलूच नये, असं मी म्हणत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाण्यातून सासर धुऊन काढतात. तोंडावर बोलायची सोय नसते, गाण्यात असते. माल कापायला आलेला व्यापारी जाहीर भावाच्या खाली मागत होता, तेव्हा मीही चारचौघांत म्हटलं होतं, ‘शेठ, काटा तुमचा, भाव तुमचा, आता सातबाराही तुमच्या नावावर करून टाकू का?’ तो हसला, पण भाव वाढवला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्याचा हात वर होता, आणि तो मला काही विचारायला आला नव्हता.

धाकटा भाऊ आला होता. मृगबागेतलं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीचं, एक पान घेऊन, संध्याकाळी, ओट्यावर मजूर बसलेले असताना. पानावर पिवळे पट्टे. ‘दादा, हे बघ ना, काय झालंय?’ मी पान हातातही घेतलं नाही. म्हणालो, ‘या, आमचे शास्त्रज्ञ आले!’ सगळे हसले, तोही हसला. पान ओट्यावर ठेवून गेला. पुढे तसलीच झाडं त्याला रोज दिसत होती, पण तो बोलला नाही. तो रोग हरण्या होता, केळीवरचा विषाणूचा रोग. त्याला औषध नाही. रोगट झाड दिसलं की उपटून नष्ट करायचं, नाहीतर मावा ही कीड तो बागभर नेते. मी बघितलं तोवर अर्धी बाग उपटायची वेळ आली होती.

संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा. हे मला फार उशिरा कळलं. टोमण्याने समोरचा शहाणा होत नाही, त्याच्याकडून येणारी बातमी अडते.

तू म्हणशील, समोरासमोर असतो तर त्याला गंमत कळली असती. ‘वा रे पठ्ठ्या’ ही शाबासकी की शिवी, ते हेलावर ठरतं आणि मोबाईलवर हेल जात नाही, हे मला मान्य आहे. पण ही सबब मला सांगू नकोस. भाऊ माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. हेल त्याने नीट ऐकला होता.

मी दमलो होतो, वडीलही असेच बोलायचे, पोटात माया होती. सगळं खरं आहे, आणि भावालाही ते माहीत होतं. तरी आजही बागेत काही दिसलं की तो आधी शेजाऱ्याकडे जातो.

म्हणून पुन्हा सांगतो, विचारायला आलेल्याशी सरळ बोल. त्याचा प्रश्न तुला बावळट वाटला तरी. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी.

सकाळी त्या शेतकऱ्याला फोन कर, मेसेज नको. चुकलो म्हण आणि तिथेच थांब, त्यात गंमत मिसळू नकोस. मग बाग किती महिन्यांची आहे, जमीन कशी आहे, आधी काय सोडलंय ते विचार आणि मात्रा सांग.

तुझा,
काका