वाचकांचे प्रश्न : पश्चिमेच्या दाराला कोणते लाकूड?

प्रश्न : दापोलीजवळ आमच्या घराचे बांधकाम संपत आले असून पुढचे दार पश्चिमेला आहे. सुतार सागवानाचाच आग्रह धरतो. वडिलांचे म्हणणे असे की, रीतसर परवानगीने पाडलेल्या घरच्या फणसाच्या फळ्या तीन वर्षे माळ्यावर पडून आहेत, त्याच वापराव्यात. वखारीत मात्र आफ्रिकेतला साग स्वस्त पडेल, असे सांगितले. काय घ्यावे?

उत्तर : चौकट फणसाची करावी आणि झडप सागाची, असे आमचे मत आहे. चौकट भिंतीत पक्की धरलेली असल्यामुळे लाकूड थोडे हलले तरी निभावते. झडप मात्र बिजागऱ्यांवर मोकळी असते. पावसाळ्यात फुगणे आणि एप्रिल-मेच्या उन्हात आकसणे ही दोन्ही कामे तिला दर वर्षी करावी लागतात. सागाचा गाभा यात फार कमी हलतो आणि त्यातील तेलकट द्रव्यांमुळे त्याला पाणी व वाळवी सहसा बाधत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची ख्याती यामुळेच आहे. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठीही 2023 मध्ये तिथलेच लाकूड बल्लारपूरहून रवाना झाले. किंमत अर्थातच त्या ख्यातीला साजेशी असते.

परंतु हे सारे गुण गाभ्याचे आहेत. कडेचा फिकट, पांढुरका भाग सागाचा असला तरी त्याला वाळवी आणि बुरशी लागते. आयात होणारा साग बहुतांशी लागवडीतल्या कमी वयाच्या झाडांचा असल्याने त्यात असा भाग बराच निघतो. तो घेऊच नये असे नाही. मात्र पांढरा भाग काढून टाकल्यावर उरणाऱ्या लाकडाचा भाव काढून पाहिल्यास स्वस्ताई बरीच कमी झालेली दिसेल.

फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो आणि कोकणातल्या जुन्या घरांच्या दारखांबांत तो सर्रास दिसतो, त्यामुळे वडिलांचा भरवसा अनाठायी नाही. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवली होती ना, एवढे विचारून घ्यावे. एकावर एक चिकटून रचलेल्या फळ्या आतून ओल्या राहतात. सुताराकडे ओलावा मोजण्याचे यंत्र असल्यास समुद्राजवळच्या भागात 12 ते 15 टक्के ओलावा चालेल. ऐनाच्या झाडाचे लाकूड मजबूत खरे, पण जड असते आणि वाळताना तडकते, म्हणून झडपेसाठी नको. आंब्याचे लाकूड बाहेरच्या दाराला मुळीच वापरू नये.

झडप पॅनेलची करून घ्यावी. पॅनेल खाचेत मोकळे बसवावे. सुतार ते सरस लावून किंवा खिळे ठोकून घट्ट करू लागला तर थांबवावे, कारण हलायला जागा न मिळालेले लाकूड मधोमध चिरते. चौकटीची भिंतीला टेकणारी बाजू बसवण्यापूर्वी डांबराने रंगवून घ्यावी आणि तिचे पाय फरशीत न गाडता दगडी उंबऱ्यावर टेकवावेत.

नैर्ऋत्येची झड थेट दारावर येणार असल्याने वर निदान दोन-अडीच फुटांचा छज्जा हवाच. तो नसेल तर महागड्या सागाचेही पॉलिश लवकर उडते. सागाच्या तेलकटपणामुळे पॉलिश धरत नाही, म्हणून आधी थिनरने पुसून घ्यावे. झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडांनाही पॉलिशचे हात द्यायला सांगावे. दार एकदा बिजागऱ्यांवर चढले की खालच्या कडेपर्यंत ब्रश पोहोचत नाही आणि पाणी तिथूनच आत शिरते.