अन्नपूर्णा या नावाचा अर्थ काय, ते आलं कुठून आणि आजकाल मुलीचं असं नाव कोणी ठेवतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : बारसं तोंडावर आलंय, सासूबाईंना त्यांच्या सासूचं नाव, म्हणजे 'अन्नपूर्णा', नातीला द्यायचंय. तुम्हालाही ते आवडतंय. पण ऑफिसातल्या मैत्रिणीने ऐकल्याबरोबर "खानावळ काढताय का?" असं विचारलं आणि तुमचं मन डळमळलं. माझ्या आजीचं नाव अन्नपूर्णा होतं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आजीचं माहेरचं नाव दुसरंच होतं. लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. हे नाव एकदा तांदळात लिहून पाहा, म्हणजे त्यांची काय अवस्था झाली असेल ते कळेल. 'रमा' दोन झटक्यांत होतं. इथे 'न्न' आहे, 'पू'चा दीर्घ ऊकार आहे आणि शेवटी रफार आहे. आजोबा रफारापर्यंत पोचले तोवर तिकडचे दाणे घसरून अर्धा 'न' बुजला होता आणि ताम्हनात 'अनपूर्णा' उरलं होतं. आजी चौथी शिकलेली, तिला चूक लगेच दिसली. बोलली मात्र चाळीस वर्षांनी, आम्हा नातवंडांसमोर, आजोबा शेजारी सुपारी कातरत बसलेले असताना. आजोबा मान वर न करता म्हणाले, "तांदूळ जुना होता. घसरणारच."

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजीला स्वयंपाक येत नव्हता. म्हणजे रोजचा ती करायची, पण आमटी एक दिवस आळणी तर दुसऱ्या दिवशी खारट, आणि भाकरी एका बाजूने नेहमी कच्ची. सणाला पुरण शिजवायला थोरली काकू आणि पुरणयंत्राचा दांडा फिरवायला आजी, अशी वाटणी ठरलेली होती. त्यामुळे "साक्षात अन्नपूर्णा आहे हो!" हे कौतुक घरात काकूच्या वाट्याला यायचं, आणि ज्या बाईचं ते नाव होतं ती मागे बसून गालात हसायची.

तुमच्या मैत्रिणीचा गोंधळ इथेच आहे. मराठीत अन्नपूर्णा हे नाव राहिलं नाही, ते विशेषण झालं. सुगरण या अर्थाचं. प्रत्यक्षात नावात सुगरणपणा कुठेही नाही.

फोड करून बघा. अन्न हा शब्द 'अद्' म्हणजे खाणे या धातूपासून आला. जे खाल्लं जातं ते अन्न. तैत्तिरीय उपनिषद एक पाऊल पुढे जातं. 'अद्यतेऽत्ति च भूतानि', म्हणजे जे प्राण्यांकडून खाल्लं जातं आणि जे प्राण्यांना खातं, ते अन्न. (बारशाच्या दिवशी हे कोणाला सांगू नका.) पूर्ण हा शब्द 'भरणे' या अर्थाच्या धातूपासून आला. आपल्या पुरणपोळीतलं पुरणही त्याच घराण्यातलं. पूरण म्हणजे जे आत भरायचं ते. समास सोडवला की 'अन्नेन पूर्णा', अन्नाने भरलेली. शाळेत शिकलेला तृतीया तत्पुरुष. यात चूल नाही, कढई नाही, रांधणंही नाही. जिच्याकडे अन्न भरून राहिलेलं आहे, इतकंच. आणि या नावाचे दोन्ही तुकडे तर आपण लहानपणापासून रोज एका दमात म्हणत आलोय. 'वदनी कवळ घेता'मधली ओळ आठवा : 'जीवन करी जीवित्वा अन्न हे पूर्णब्रह्म'.

नावाचं मूळ देवीत आहे. अन्नपूर्णा हे पार्वतीचं एक रूप आणि तिचं मुख्य ठाणं काशी. सगळीकडे सांगितली जाते ती गोष्ट अशी की, शंकर एकदा पार्वतीला म्हणाले, जग ही माया आहे, अन्नसुद्धा माया. पार्वती म्हणाली, बरं, आणि नाहीशी झाली. तिच्यासोबत धान्य गेलं, फळं गेली, सगळीकडे उपासमार झाली. मग काशीत तिने अन्नछत्र उघडलं आणि तिथे रांगेत कोण, तर हातात कपाल, म्हणजे कवटीचं भिक्षापात्र, घेतलेले खुद्द शंकर. चित्रांमध्ये हा प्रसंग फार छान दिसतो. ती सिंहासनावर बसलेली, हातात पळी, आणि समोर जगाचा मालक भिक्षेला उभा. शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या स्तोत्राचं पालुपदही तेच आहे : 'भिक्षां देहि कृपावलम्बनकरी मातान्नपूर्णेश्वरी'. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे की पार्वती वाद घालत बसत नाही. फक्त निघून जाते.

काशीतलं विश्वनाथाजवळचं अन्नपूर्णेचं मंदिर अठराव्या शतकातलं, मराठ्यांनी बांधलेलं, त्यामुळे या नावाशी आपलं नातं तसं थेट आहे. तिथली सोन्याची मूर्ती एरवी बंद असते. दिवाळीत धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंतच, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंतच, तिचं दर्शन होतं आणि भाविकांना प्रसाद म्हणून नाणी आणि लाह्या मिळतात. मार्गशीर्ष पौर्णिमा ही अन्नपूर्णा जयंती. महाराष्ट्रात तो दिवस दत्तजयंतीने व्यापलेला असतो, म्हणून आपल्या लक्षात राहत नाही. कर्नाटकात चिकमगळूर जिल्ह्यात होरनाडूला तिचं मोठं देऊळ आहे आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला जेवण मिळतं.

काशीचीच एक अलीकडची गोष्ट. १९१३च्या सुमारास तिथून उचललेली अन्नपूर्णेची एक दगडी मूर्ती कॅनडातल्या रेजायना विद्यापीठाच्या संग्रहात होती, आणि ती चक्क विष्णूची म्हणून ओळखली जात होती. नीट पाहिल्यावर मूर्ती बाईची आहे हे कळलं, आणि ती कोण हे कळलं हातांवरून. एका हातात खिरीची वाटी, दुसऱ्या हातात पळी. २०२१मध्ये ती भारतात परत आली आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला काशी विश्वनाथाच्या आवारात बसवली गेली. पळी नसती तर बिचारी अजून विष्णूच राहिली असती.

आपल्याकडे ही देवी देवळापेक्षा देवघरात जास्त भेटते. लग्नात गौरीहरापाशी बसलेली नवरी समोर पितळेची किंवा चांदीची छोटी अन्नपूर्णा ठेवून 'गौरी गौरी सौभाग्य दे' म्हणत अक्षता वाहते. ही मूर्ती माहेरची, आणि सासरी जाताना ती मुलीबरोबर जाते. म्हणजे कित्येक मराठी घरांत एकेका पिढीची एकेक अशा तीन-तीन अन्नपूर्णा एका ताटात बसलेल्या दिसतील. माझ्या आजीची अंगठ्याएवढी आहे. मांडीवर आडवी धरलेली पळी घासून घासून इतकी झिजलीय की आता ती बासरी वाटते. ती वाटीभर तांदळात बसवलेली असते आणि तांदूळ बदलले की जुने भातात घालतात, टाकत नाहीत.

देवघरात इतकी रुळलेली असूनही बाळाच्या नावात ही देवी आता क्वचित दिसते. हे नाव आपल्याकडे आजी-पणजीच्या पिढीचं, बहुतेक वेळा शेवटी 'बाई' लावलेलं. माझ्या वर्गात एकही अन्नपूर्णा नव्हती, माझ्या मुलीच्या वर्गात तर प्रश्नच नाही. तिथे अन्वी, ओवी आणि आरोही यांची गर्दी आहे. दक्षिणेत आणि पूर्वेला तसं नाही. तेलुगू, कन्नड आणि उडिया घरांत हे नाव पुष्कळ ऐकू येतं. केंद्रात २०२४पासून महिला व बालविकास मंत्री असलेल्या झारखंडच्या अन्नपूर्णा देवी तर बातम्यांत दिसतातच.

माझ्या मते आपल्याकडे हे नाव मागे पडलं ते जुनाट वाटलं म्हणून नव्हे. यशोदा आणि मुक्ता काय कमी जुनी आहेत? ती परत आली. अन्नपूर्णा मागे पडलं कारण ते सगळ्यांनी वापरून घेतलं. गावोगावी अन्नपूर्णा भोजनालय आहे. पिठाच्या पिशवीवर अन्नपूर्णा आहे. निराधार वृद्धांना महिना १० किलो धान्य देणारी २०००ची केंद्राची योजना अन्नपूर्णा, आणि वर्षाला तीन गॅस सिलिंडर मोफत देणारी २०२४ची महाराष्ट्राची योजनाही अन्नपूर्णाच. इतक्या पाट्यांवर चढलेलं नाव बाळाला द्यायला माणूस बिचकतो. त्यात ते विशेषण. मुलीला पहिली पोळी लाटायच्या आधीच प्रशस्तिपत्र दिल्यासारखं होतं, आणि आताच्या आयांना ते नकोसं वाटलं तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण हे नाव धारण केलेली माणसं बघितली की चित्र बदलतं. सूरबहार, म्हणजे सतारीसारखंच पण मोठं, खर्जातलं वाद्य वाजवणाऱ्या अन्नपूर्णा देवी घ्या. जन्म १९२७, वडील मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. घरात मुलीचं नाव रोशनआरा. अन्नपूर्णा हे नाव तिला दिलं मैहरच्या महाराजांनी. पुढे आयुष्याचा मोठा भाग त्यांनी मुंबईत काढला, मैफली सोडून दिल्या, घराचं दार सहसा कोणाला उघडलं नाही, आणि बंद दाराआड हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी यांच्यासारखे शिष्य घडवले. २०१८मध्ये मुंबईतच गेल्या. भरलेलं असणं म्हणजे काय, ते मला या उदाहरणात भोजनालयापेक्षा जास्त नीट समजतं.

मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांचं उदाहरण मात्र स्वयंपाकाचंच आहे आणि तरी वेगळं आहे. गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या, सावकाराच्या व्याजात बुडालेल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये एकत्र आणलं आणि संघटनेचं नाव ठेवलं अन्नपूर्णा महिला मंडळ. तिथे त्या नावाने कोणी कोणाचं कौतुक करत नव्हतं. बायका बँकेत जाऊन स्वतःच्या सहीने कर्ज मागत होत्या. तुमच्या मैत्रिणीने पुन्हा खानावळ काढली तर तिला हे जरूर सांगा.

शिवाय नेपाळातलं ते शिखर आहेच. ८,०९१ मीटर उंच, आठ हजार मीटरवरच्या शिखरांपैकी माणसाने चढलेलं पहिलं, ३ जून १९५०ला, आणि गिर्यारोहकांना सर्वांत जास्त धाक असलेल्या शिखरांपैकी एक. साताऱ्याची प्रियांका मोहिते एप्रिल २०२१मध्ये त्यावर पोचली. तिथे जाणारी ती पहिली भारतीय महिला. मुलगी मोठी होऊन "हे कसलं नाव ठेवलंत?" म्हणाली तर तिला आधी या डोंगराचा फोटो दाखवा, देवीची गोष्ट नंतर सांगा.

आता व्यवहाराचं बोलू. हाक मारायला पूर्णा उत्तम. विदर्भात आणि मराठवाड्यात पूर्णा नावाच्या नद्या आहेत, त्यामुळे ते अर्धवट तोडलेलं नाव वाटत नाही. अन्नू नको, शाळेत त्याचं दोन दिवसांत 'अण्णा' होतं. इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्याच्या आधी ठरवा : एन दोन आहेत हे पक्कं, पण पुढे 'यू' लिहायचा की दोन 'ओ' यावर घरात एकमत करा आणि आधारपासून पासपोर्टपर्यंत तेच ठेवा. हे मी अनुभवाने सांगतोय. आजीच्या रेशनकार्डावर 'अनपुर्णाबाई', बँकेच्या पासबुकावर 'अन्नपुर्ना' आणि सातबाऱ्यावर 'अन्नपूर्णाबाई' अशा तीन बाया होत्या. ती गेल्यावर त्या तिघी एकच होत्या हे सिद्ध करायला वडिलांना दीड वर्ष आणि दोन प्रतिज्ञापत्रं लागली. एका कचेरीतल्या कारकुनाने तर 'अन' म्हणजे नकार, तेव्हा ही 'अपूर्ण' बाई वेगळी असावी, असं व्याकरण वडिलांना ऐकवलं होतं. वडील शाळामास्तर. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की व्यंजनापुढे 'अन्' येत नाही, 'अ' येतो, आणि काम आणखी एक महिना लांबलं.

मला विचाराल तर ठेवा. सासूबाईंना मात्र एक विनंती आधीच करून ठेवा : पोरीने पहिल्यांदा भातुकली मांडली की "नावाला साजेशी आहे हो" असं म्हणायचं नाही.

आणि बारशाला आत्या कानात कुर्र करण्याआधी नाव तांदळात लिहिण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर ताट मोठं घ्या, तांदूळ नवा घ्या आणि 'न्न' लिहून झाला की ताटाला कोणाला हात लावू देऊ नका. रफार सगळ्यात शेवटी.