‘गेल्या दीड वर्षापासून’ असं का लिहिलंत?

प्रश्न (रायगड जिल्ह्यातून, थोडक्यात): आमच्या वाडीतून शेताकडे आणि पुढे हमरस्त्यावरच्या एसटी थांब्याकडे जाणारी पायवाट आजोबांच्या काळापासून वहिवाटीत आहे. मधल्या जागेवर थीम पार्क आणि रिसॉर्ट झालं. दिवाळी २०२३ पासून ते शनिवार-रविवारी वाटेवर साखळी लावत. पुढे हॉटेलचा दुसरा टप्पा आला आणि पार्किंग वाटेपर्यंत सरकलं. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, २७ जानेवारीला पाया खणायला घेतला, १७ फेब्रुवारीला भिंत आणि कुलूपबंद गेट उभं राहिलं. ३ मार्चला तहसीलदारांकडे अर्ज दिला, अजून काही झालेलं नाही. आता व्यवस्थापन ‘ग्रामस्थ पास’ देऊ म्हणतंय. पास घ्यावा का? जादा बांधकाम, अपुरं पार्किंग आणि पर्यावरण यासाठी हायकोर्टात जाता येईल का?

उत्तर: हायकोर्टाचं नंतर बघू.

तुम्ही पत्रासोबत अकरा कागद जोडलेत. आमदारांचं शिफारसपत्र आहे, ‘आपले सरकार’वरच्या तक्रारीची पावती आहे, मोर्चाची कात्रणं आहेत, हॉटेलचे ड्रोनने काढलेले फोटो आहेत. माझ्या कामाचा कागद एकच, आणि तो तुम्ही सगळ्यात खाली लावलाय: ३ मार्चचा अर्ज. त्यातलं हे वाक्य पुन्हा वाचा. ‘सदर रस्ता गेल्या दीड वर्षापासून बंद असल्याने आमची अतोनात गैरसोय होत आहे.’

हे कोणी लिहून दिलं? कचेरीबाहेरच्या टायपिस्टाने दिलं असणार. गैरसोय जितकी जुनी, तितका साहेबांना पाझर फुटेल असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. दोन महिन्यांत माझ्याकडे आलेलं अशा धर्तीचं हे चौथं पत्र, आणि चौघांनीही आपलं दुखणं फुगवून सांगितलंय. कायद्याचा हिशेब नेमका उलटा चालतो.

शेतीकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ ने दिलेला आहे. कायदा शंभराहून जास्त वर्षांचा आहे, पण त्याच्याइतका जवळचा आणि स्वस्त उपाय दुसरा नाही. अट एकच, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. हे सहा महिने कधीपासून मोजायचे तेही त्याच कलमात आहे. अडथळा उभारला त्या दिवसापासून, किंवा अडवणूक प्रथम सुरू झाली त्या दिवसापासून. ‘प्रथम’ हा शब्द नीट लक्षात घ्या. ‘वाट रोजच बंद आहे, म्हणजे रोज नवं कारण घडतं’ हा युक्तिवाद दिवाणी कोर्टात कधी कधी चालतो. इथे त्या एका शब्दाने त्याचा रस्ता बंद केलाय.

आता तुमचंच वाक्य समोरच्या वकिलाच्या हातात द्या. मार्च २०२५ मधून दीड वर्ष मागे गेलं की २०२३ च्या दिवाळीच्याही आधीची तारीख येते. म्हणजे तुमची मुदत २०२४ च्या उन्हाळ्यातच संपली. तो उभा राहील, तुमचा अर्ज वाचेल, खाली बसेल. पाच मिनिटांचं काम. पन्नास वर्षांची वहिवाट आहे की नाही, भिंत बेकायदा आहे की नाही, यातलं काही विचारायची वेळच येणार नाही.

म्हणून पत्रातल्या त्या साखळीबद्दल मला सगळ्यात जास्त कुतूहल आहे. ती नेमकी कोणाला अडवत होती? तुम्ही लिहिता की साखळी ‘गाड्या आत येऊ नयेत म्हणून’ होती, बाजूने माणसं जात होती, गवताचा भारा डोक्यावर घेऊन बायकाही जात होत्या. हे खरं असेल, तर ती साखळी गाड्यांसाठी होती. पायवाट तेव्हा बंद झालेली नव्हती, ती बंद झाली भिंतीने. दाव्यात हे असंच, याच क्रमाने आलं पाहिजे, आणि ३ मार्चच्या अर्जात ‘दीड वर्ष’ कशामुळे पडलं याचा खुलासाही आला पाहिजे. तो अर्ज कचेरीच्या आवकेत बसलाय, लपवता येणार नाही. पण उलट साखळीजवळ पहारेकरी माणसांनाही परत पाठवत असेल, तर तसं सांगा. सोयीची तारीख टाकू नका. त्यांच्याकडे कॅमेरे आहेत, पहारेकऱ्यांच्या वह्या आहेत. तारखेत एकदा खोटं सापडलं की बाकीचं खरंही कोणी ऐकून घेत नाही.

भिंतीची तारीख धरली तर सहा महिने १७ ऑगस्टला भरतात. तो रविवार आहे. त्याआधी १६ ला गोपाळकाला आणि १५ ला स्वातंत्र्यदिन. कचेरी बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी चालतं हे मला ठाऊक आहे, पण त्यावरही वाद घालायला माणसं तयार असतात. म्हणजे १४ ऑगस्ट. हायसं वाटलं? थांबा. पाया २७ जानेवारीला खणला हे तुम्हीच लिहिलंय. चर खणला तेव्हाच ‘अडवणूक प्रथम सुरू झाली’ असं मी त्यांचा वकील असतो तर म्हटलं असतं. फळी टाकून लोक चर ओलांडत होते हे तुमचं उत्तर आहे, आणि ते चांगलं आहे. पण पहिल्याच सुनावणीत फळीवर उभं राहून भांडायची वेळ कशाला आणता? २७ जानेवारीपासूनचे सहा महिने २७ जुलैला संपतात, तोही रविवारच. त्याआधी सरकारी कचेरी उघडी सापडेल असा भरवशाचा शेवटचा दिवस शुक्रवार, २५ जुलै.

उशीर माफ होतो का, असं तुम्ही पुढे विचाराल. मागून बघावं लागलं तर मागू, पण त्यावर मी स्वतःचा एक रुपया लावणार नाही. आमदारांच्या पत्राने, मोर्चाने किंवा पोर्टलवरच्या तक्रारीने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. पाच महिने या तीन गोष्टींत गेले.

३ मार्चच्या अर्जाची आणखी एक खोड. त्याच्या डोक्यावर ‘महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १४३ अन्वये’ असं छापलंय. कलम १४३ हे ज्याला शेतात जायला वाटच नाही अशा शेतकऱ्याला इतरांच्या बांधावरून वाट मागण्यासाठी. तुमची वाट आहे, ती अडवलीय. तो विषय १९०६ च्या कायद्याचा. चुकीचं कलम लिहिल्याने अधिकार जात नाही असं म्हणता येतं, आणि मी म्हणेनही. पण तहसीलदार हा पुराचा, रेशनचा, निवडणुकीचा अधिकारी आहे आणि उरलेल्या वेळात न्यायाधीश. त्याला संदिग्ध अर्ज मिळाला की तो ‘अहवाल सादर करावा’ असा शेरा मारून मंडळ अधिकाऱ्याकडे ढकलतो, मंडळ अधिकारी तलाठ्याकडे. तुमचा अर्ज याच उतरंडीत कुठेतरी बसलाय. त्याची वाट बघू नका. नवा, स्वतंत्र दावा द्या. ‘अर्ज’ नव्हे, ‘दावा’, त्याच १९०६ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये जे तपशील मागितलेत ते सगळे घालून, सत्यापनासह, म्हणजे मजकूर खरा असल्याचं सही करून सांगून.

दावा कोणाच्या नावाने? इथे वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या गोळा करायचा मोह आवरा. हा कायदा शेतीच्या जमिनीशी आणि तिकडे जाणाऱ्या वाटेशी बांधलेला आहे. तुमची ३८ गुंठे भातजमीन पार्किंगच्या पलीकडे आहे, तेव्हा वादी तुम्ही, आणि पहिल्या परिच्छेदात शेत. एसटी थांबा, शाळा, देऊळ नंतर. प्रतिवादी म्हणून फाटकावरचं रंगीत नाव टाकू नका. सातबारा काढा, जमीन कोणाच्या नावावर आहे आणि रिसॉर्ट चालवतं कोण ते बघा. बहुधा दोन कंपन्या निघतील, दोघींना पक्षकार करा.

पुरावा काय, तर गाव नकाशा. भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल घ्या. त्यावर तुमची वाट एकेरी तुटक रेषेने दाखवली असेल तर ती पायमार्ग म्हणून नोंदलेली आहे, आणि तुमचं पारडं बरंच जड झालं. नसेल, तरी दावा बुडत नाही, मग साक्षीदार लागतील. भिंतीच्या तारखेसाठी फोनमधले फोटो चालतील, पण मूळ फोन जपून ठेवा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोवर तारीख शोधत बसायची वेळ आणू नका.

आता पास. शुक्रवारी दावा दाखल होईपर्यंत त्या कागदाला हात लावू नका. तुम्ही नमुन्याचा फोटो पाठवलाय, पण पुढच्याच बाजूचा. मागची बाजू मी न बघताच सांगतो. ‘व्यवस्थापनाच्या परवानगीने, सौजन्याने’ असं काहीतरी असणार, आणि ‘यामुळे कोणताही हक्क निर्माण होत नाही’ अशी ओळ असणार. वहिवाटीचा हक्क मिळतो तो उघडपणे, शांतपणे, हक्काने आणि खंड न पडता वीस वर्षं वापर केल्याने. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम १५ हेच सांगतं. परवानगीने चाललेली वाट हक्काची राहत नाही. पासावर सही म्हणजे ‘आम्ही विचारून जातो’ याची तुमच्याच हाताची कबुली. पावसात म्हाताऱ्या माणसांना तीन किलोमीटरचा वळसा पडतोय हे मला कळतं, आणि वाडीतल्या कोणी पास घेतला तर त्याला दोष देणार नाही. पण वादीने घेऊ नये. घ्यावाच लागला तर ‘हक्कास बाध न येता’ एवढं स्वतःच्या हाताने लिहून, त्याचा फोटो काढून.

याच कलम १५ मध्ये दिवाणी दाव्याचं घड्याळही आहे. वीस वर्षांचा काळ दावा लावण्यापूर्वीच्या दोन वर्षांत संपलेला असावा लागतो, आणि अडवणूक कळूनही वर्षभर गप्प बसलात तर तिला खंड मानतात. तेव्हा तहसीलदाराकडे हरलात तरी दिवाणी कोर्टाचं दार उघडं आहे, पण फेब्रुवारी २०२६ च्या आत. तहसीलदाराच्या निकालावर अपील नसतं, पुनरीक्षण (निकालाची वरून फेरतपासणी) असतं, ते बहुतेक ठिकाणी प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतं. किती वर्षं चालतं ते विचारू नका.

तुम्ही हायकोर्टात न्यायचे म्हणता ते बाकीचे मुद्दे भरभर घेतो, कारण त्यांवर कागद न बघता ठाम बोलणं हा अप्रामाणिकपणा होईल. हॉटेल जादा मजल्यांचं आहे का, गाड्यांना जागा नियमाइतकी आहे का, हे ड्रोनच्या फोटोवरून ठरत नाही. ज्या कार्यालयाने बांधकाम परवानगी दिली तिथे माहिती अधिकारात मंजूर रेखांकन, पार्किंगचा तक्ता आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीशी ते ताडून बघता येईल. त्या रेखांकनात तुमची पायवाट दाखवली आहे का, हे मात्र आधी शोधा. दाखवली असेल आणि तिच्यावर भिंत असेल, तर भिंतच मंजुरीच्या विरुद्ध ठरते, आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस मागता येते. दाखवलीच नसेल, तर परवानगी देताना काय सांगितलं गेलं हा प्रश्न उभा राहतो, आणि तो जास्त रंजक आहे.

पर्यावरणाचं म्हणाल, तर एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पूर्व मंजुरी लागते. तिथेही हरित लवादाची मुदत सहा महिन्यांची, वर साठ दिवसांची सवलत. हमरस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या हा वाहतूक पोलिसांचा विषय, मोटार वाहन अधिनियम, कलम १२२ आणि १२७. गावाच्या सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण ग्रामपंचायतीने काढायचं असतं, तिने टाळलं तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. वाडीतल्या सह्या तिथे वापरा. पादचाऱ्यांच्या हक्काबद्दल मे महिन्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचं कात्रण तुम्ही लाल शाईने अधोरेखित करून पाठवलंय. आदेश मोलाचा आहे, पण तो सार्वजनिक रस्त्यांच्या पदपथांबद्दल आहे. तुमच्या गेटचं कुलूप त्याने उघडणार नाही.

आज गटारीचा रविवार. तुमच्या त्या पार्किंगबाहेर गाड्या कुठपर्यंत लागल्यात त्याचे फोटो संध्याकाळपर्यंत काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतील. उद्या सकाळी सातबारा आणि गाव नकाशाच्या नकलेसाठी अर्ज. नक्कल वेळेत मिळाली नाही तर अर्जाची पावती जोडा, नकलेसाठी थांबू नका. मंगळवारी तालुक्यातल्या एखाद्या वकिलाकडे बसा, टायपिस्टाकडे नव्हे. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी दावा द्या, आणि पोचेवर तारखेचा शिक्का नीट उमटलाय ना, ते खिडकीशी उभे असतानाच बघा.