पिवळी पावडर टाकायच्या आधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. पाच गोल्डफिश. रविवारी मासे जाळीने बादलीत काढले, टाकी घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला, नळाचंच पाणी भरलं. बुधवारी दोघांच्या परांच्या बुडाशी लाल रेघा दिसल्या, शुक्रवारी दोघं गेले. तिघं चांगले आहेत. दुकानदाराने दिलेली अँटिबायोटिकची पिवळी पावडर टाकू का, असं विचारलंत. नका टाकू.

लक्षणांवरून हा एरोमोनास नावाचा जिवाणू वाटतो. तो बाहेरून आलेला नाही. वडोदऱ्याचं आजवा असो की सूरसागर, कुठल्याही तळ्यातल्या गोड्या पाण्यात तो असतोच. तुमच्या टाकीत गेल्या महिन्यातही असणार. बदललं ते माशाचं अंग.

मासा हातातून निसटतो तो ज्या बुळबुळीत थरामुळे, तीच त्याची तटबंदी. त्यात लायसोझाइम असतं, ते जिवाणूंची भिंत फोडतं. शिवाय हा थर सतत झडतो आणि नवा येतो, त्यामुळे चिकटलेले जिवाणू वाहून जातात. जाळीत मासा फडफडला की थर खरवडतो, एखादा खवला निघतो आणि तिथून जिवाणू आत शिरतो.

आत शिरल्यावर रक्तातली पूरक प्रथिनं (कॉम्प्लिमेंट) त्याला चिकटतात, त्याच्या आवरणाला भोकं पाडतात. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जखमेपाशी पोचतात, मग मॅक्रोफेज या भक्षक पेशी, आणि जिवाणूंना गिळायला लागतात. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली इटलीतल्या मेसिनात तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला, तेव्हा दुसऱ्या दिवशी काट्याभोवती अशाच पेशी जमलेल्या दिसल्या. रोगप्रतिकाराची ही विद्या पाण्यातल्या जिवापासून सुरू झाली, याचं मला आजही अप्रूप आहे.

प्रतिपिंडं मात्र माशात तयार व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, गार पाण्यात त्याहून जास्त. म्हणजे बुधवार ते शुक्रवार ही लढाई फक्त या पहिल्या फळीची होती, आणि नेमकी तीच आपण दुबळी केली. पकडापकडीच्या ताणाने माशाचं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, भक्षक पेशी मंदावतात. नळाच्या क्लोरीनने कल्ले आणि त्वचा पोळते. स्पंजमधले, माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू मेले की तो साचतो. ती पावडर उरलेसुरले उपयोगी जिवाणूही मारेल.

आता रोज पाव टाकी पाणी बदला, पण क्लोरीन काढूनच: अँटीक्लोर टाका. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळा. लिटरला २ ग्रॅम जाडं मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन दिवसांत हळूहळू घाला. दोन दिवस खाणं बंद. हाताला चीर असेल तर हातमोजे घाला, हा जिवाणू माणसाच्या जखमेतही शिरतो.

रात्री टॉर्च धरून तिघांच्या परांचं मूळ बघा. लाल रेघ किंवा उभे खवले दिसले तर तो मासा भांड्याने, पाण्यासकट उचलून वेगळा ठेवा, पशुवैद्यांना दाखवा, आणि इथे फोटो टाका.