वडिलांच्या डिस्चार्ज बुकात चुका आहेत, गोव्यात राहून त्या दुरुस्त कशा करून घ्यायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील डिचोली तालुक्यातले. १९६४ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९८१ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. डिस्चार्ज बुकात, म्हणजे लष्करातून बाहेर पडताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकात, आईचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं. वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. १९७१ च्या लढाईत ते जंगी पलटणीबरोबर (पहिली मराठा) तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते, तरी मेडलच्या रकान्यात त्याचा उल्लेख नाही. आणि एक एजंट 'सगळं करून देतो' म्हणत पैसे मागतोय.

एजंटला एक रुपयाही देऊ नका. यातलं जे होण्यासारखं आहे ते तुम्ही स्वतः, जवळपास फुकटात करू शकता. जे होण्यासारखं नाही ते एजंटच्याने पण होणार नाही. आणि तीन चुकांपैकी आईच्या नावाची चूक या आठवड्यात हातात घ्या. बाकीच्या दोन थोड्या थांबल्या तरी चालेल.

मी इन्फंट्रीत क्लार्क होतो. पेन्शनवर आल्यापासून पेडण्यात असतो आणि आसपासच्या माजी सैनिकांची, त्यांच्या घरच्यांची कागदपत्रं बघून देतो. सगळ्यात जास्त जीव तुटतो तो एकाच प्रकरणात. माणूस जातो, पेन्शन थांबते आणि सत्तरी-पंचाहत्तरीतली बाई 'मीच त्यांची बायको' हे सिद्ध करायला कचेरीच्या पायऱ्या चढत राहते, कारण रेकॉर्डमध्ये वेगळ्याच नावाची बाई बसलेली असते. वडील हयात आहेत तोवर त्यांची सही हाच सगळ्यात मोठा पुरावा. ते स्वतः लिहून देतात की ही आणि ती एकच, माझी पत्नी. ते गेल्यावर तेच काम फक्त कागदांच्या जोरावर करावं लागतं. म्हणून आईचं नाव आधी.

ही चूक होते कशी ते सांगतो, म्हणजे ती कुठे दुरुस्त होते तेही कळेल. शिपाई लग्नाच्या रजेवरून परत आला की कंपनी ऑफिसात जाऊन लग्न झाल्याचं कळवायचा. क्लार्क विचारायचा, बायकोचं नाव काय? आपल्याकडची त्या पिढीची मुलं चारचौघांत बायकोचं नाव घ्यायला लाजायची. त्यातून लग्नात नाव बदललेलं, नवं नाव महिन्याभराचंसुद्धा नाही. समजा माहेरची शेवंती, सासरची सुलोचना. जिभेवर आलेलं नाव सांगून पोरगा मोकळा व्हायचा आणि क्लार्क ते इंग्रजीत, कानाला ऐकू आलं तसं लिहायचा. त्यावरून पार्ट टू ऑर्डर निघायची. पार्ट टू ऑर्डर म्हणजे युनिटचा हुकूम, ज्यात रजा, लग्न, मुलं, बढती यांची नोंद येते. तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जायची, तिथे शीट रोलमध्ये, म्हणजे त्या सैनिकाच्या मूळ सेवानोंदीत, ती चढायची, आणि माणूस घरी येताना शीट रोलवरूनच डिस्चार्ज बुक भरलं जायचं. त्या एका दुपारचं नाव पुढे पन्नास वर्षं चालतं.

म्हणजे मूळ आहे रेकॉर्ड ऑफिसात. तुमच्या बाबतीत ते बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीचं. (हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी: तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, बॉम्बे सॅपर्सचं (इंजिनिअर्स) खडकीला, ईएमईचं (यंत्रदुरुस्तीची शाखा) सिकंदराबादला. नौसैनिकांचं काम मुंबईच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, हवाई दलाचं दिल्लीच्या सुब्रतो पार्कला.) बँकेत जाऊन, आधार केंद्रात जाऊन किंवा थेट प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला पत्रं लिहून नोंद बदलत नाही. रेकॉर्ड ऑफिस तपासणी करतं, दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर काढतं, आणि मग प्रयागराजकडून दुरुस्तीचा पीपीओ (पेन्शन देण्याचा हुकूम) निघतो, ज्याला आम्ही कॉरिजेंडम म्हणतो. हा क्रम उलटा चालत नाही. लोक पायरी चुकतात आणि मग 'लष्कर दाद देत नाही' म्हणतात.

अर्ज वडिलांच्या नावाने, वडिलांच्या सहीने करायचा. सुरुवातीलाच सर्व्हिस नंबर, हुद्दा आणि नाव लिहा. नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे अगदी तसंच, तुम्हाला ते चुकीचं वाटलं तरी. काय नोंदलंय आणि काय हवं, हे दोन ओळींत मांडा. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची प्रत, पीपीओ, दोघांची आधार कार्डं आणि शपथपत्र. शपथपत्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करून घ्या, नुसतं नोटरीचं बरेचदा परत येतं. नावबदलाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतलं. मराठीसाठी नवप्रभा, गोमंतक, तरुण भारत, यातलं कुठलंही चालेल. जाहिरातीचं कात्रण नव्हे, अख्खं पान जपून ठेवा, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख त्यावर दिसली पाहिजे. हे सगळं पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात दाखवून त्यांच्या शिक्क्यासह पुढे पाठवा. त्या खात्यात बसलेली माणसं हेच काम रोज करतात, अर्जात काही कमी असलं तर तिथेच सांगतात.

आता गोव्यातल्या माणसाच्या हातात एक असा कागद आहे, जो पलीकडे सावंतवाडीच्या किंवा चंदगडच्या माजी सैनिकाकडे सहसा नसतो. आपल्याकडे लग्नाची सिव्हिल नोंदणी पोर्तुगीज काळापासून सक्तीची आहे, आणि त्या नोंदीत वधूचं लग्नाआधीचं नाव, तिच्या आईवडिलांची नावं, सगळं असतं. तुमच्या आईवडिलांचं लग्न तसं नोंदलेलं असेल तर तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून त्याची प्रमाणित नक्कल काढा. डिस्चार्ज बुकातलं माहेरचं नाव आणि ही नोंद जुळली, की 'ही तीच बाई' हे सांगायला शपथपत्राहून भक्कम आधार मिळतो. खूप जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात गेलेली आहेत, रजिस्ट्रारकडे सापडलं नाही तर तिथे विचारा. नोंद पोर्तुगीजमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. बेळगावच्या क्लार्कला पोर्तुगीज वाचता येईल अशी अपेक्षा ठेवू नका. स्पेलिंगही वेगळी दिसतील, 'श' साठी एक्स, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, परबचं पोरोबो. शपथपत्रात ही सगळी रूपं एकेक करून लिहा आणि ती एकाच व्यक्तीची आहेत असं म्हणा.

एक सावधगिरी. कोणी सल्ला देईल की जन्मनोंदीतलंच नाव बदलून टाका. ते करू नका. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, तो वेगळा रस्ता आहे आणि इथे त्याची गरज नाही. तुम्हाला नाव बदलायचं नाहीये, दोन नावं एकाच बाईची आहेत एवढंच दाखवायचंय. वडिलांच्या स्वतःच्या नावात एखाद्या अक्षराचा फरक असेल, तर लष्कराच्या नोंदीला हात न लावता आधार त्या नोंदीप्रमाणे करून घ्या. आधारवरचं नाव दोनदा बदलता येतं आणि ते काम लवकर होतं.

सोबत स्पर्श पोर्टलवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या वेबसाइटवर, वडिलांचं लॉगिन उघडून बघा. जुन्या पेन्शनरांची माहिती तिथे चढवली गेली तेव्हा बऱ्याच ठिकाणी घोळ झालेत, आणि त्या काळच्या पीपीओंवर बरेचदा पत्नीचं नावच नव्हतं. डेटा व्हेरिफिकेशनच्या पानावर आईचं नाव, तिची जन्मतारीख, बँक खातं, सगळं वाचा. स्वतः जमत नसेल तर जवळच्या सामान्य सेवा केंद्रात होतं. आईची जन्मतारीख तिथे असणं फार महत्त्वाचं, ते का ते पुढे येतंच.

जन्मतारखेचं स्पष्ट सांगतो, राग मानू नका. भरतीच्या वेळी नोंदलेली आणि सतरा वर्षं मान्य केलेली तारीख आता शाळेच्या दाखल्यावरून बदलून मिळणार नाही. निवृत्तीच्या तोंडावर किंवा नंतर जन्मतारीख बदलून मागणाऱ्यांना सुप्रीम कोर्टाने वर्षानुवर्षं नकारच दिलाय. त्या पिढीतल्या कित्येकांच्या तारखा भरतीच्या मैदानावर अंदाजाने लिहिल्या गेल्या, हे मलाही माहीत आहे. पण त्यासाठी वकिलाला पैसे देऊ नका. मात्र तुम्ही हा प्रश्न आत्ता का काढलात तेही कळतंय: वडील ऐंशीच्या आसपास आहेत. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. ही वाढ डिस्चार्ज बुकातल्या तारखेनेच मिळणार. म्हणून बघायचं ते एवढंच, की डिस्चार्ज बुकातली तारीख आणि स्पर्शवरची तारीख एक आहे का. तिथे फरक असेल, तर ती लिहिताना झालेली चूक आहे. ती दुरुस्त होते आणि व्हायलाच हवी. हीच वाढ वडिलांच्या मागे आईला मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनलाही आहे, आईच्या वयाप्रमाणे. म्हणून तिची तारीख आजच नोंदवून घ्या.

मेडलची गोष्ट पैशाची नाही, पण मला ती लहान वाटत नाही. पहिल्या मराठाने, म्हणजे जंगी पलटणीने, डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरला जे केलं त्यासाठी पलटणीला बॅटल ऑनर, म्हणजे लढाईतल्या कामगिरीचा सन्मान, मिळाला. वडील त्या वेळी पलटणीच्या नोंदीवर हजर होते, तर पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल यांचा उल्लेख डिस्चार्ज बुकात असायला हवा. कधी मेडल मंजूर झालेलं असतं, फक्त पुस्तकात उतरलेलं नसतं. यासाठी वेगळा अर्ज करा, आईच्या नावाच्या अर्जात मिसळू नका. दोन विषय एका कागदावर आले की फाईल दोन टेबलांमध्ये अडकते. अर्जात बटालियन, कंपनी आणि कुठून कुठवर होते ते वडिलांना विचारून लिहा. त्यांच्याबरोबरचा कोणी हयात असेल तर त्याचंही लेखी घ्या.

रेकॉर्ड ऑफिसने उत्तरच दिलं नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली शीट रोलची आणि लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागा. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. अर्ज ऑनलाइनही होतो. वडील पेन्शनर असल्यामुळे त्यांचे कागद असायला हवेत. ज्यांना पेन्शन नव्हती त्यांचे कागद नियमाप्रमाणे पंचवीस वर्षांनी नष्ट केले जातात, मागे फक्त लाँग रोलमधली, म्हणजे भरती झालेल्यांच्या कायमच्या यादीतली, नोंद उरते. अशा घरांनी लाँग रोलचा उतारा मागावा. शीट रोलची प्रत हाती आली, की चूक मुळात झालीय की डिस्चार्ज बुक भरताना, हे तुमच्या डोळ्यांनी दिसेल. डिस्चार्ज बुकातच झाली असेल, तर काम निम्म्याने हलकं होतं.

रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. गोवा त्याच्या मुंबई खंडपीठाखाली येतो. नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत जावं लागतं. पेन्शनच्या बाबतीत उशीर माफ होऊ शकतो, पण थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणून नकाराचं पत्र, त्याचं पाकीट आणि पोस्टाची पावती फेकू नका. आईच्या नावासाठी एवढं लांब जावं लागेल असं मला वाटत नाही.

बेळगावला वडिलांना नेऊ नका. या वयात चोर्ला घाटाचा प्रवास कशाला? अर्ज स्पीड पोस्टाने जातो. कधी समक्ष चौकशी करावीशी वाटलीच, तर त्यांनी दिलेलं अधिकारपत्र, तुमचं ओळखपत्र आणि डिस्चार्ज बुकाची प्रत घेऊन तुम्ही एकटे जा. मूळ पुस्तक घरातच ठेवा, कोणी कितीही मागितलं तरी ते हातातून सोडू नका.