नेरूळचा फ्लॅट विकायच्या आधी दोघी बहिणींशी बोला

एका वाचकांचा प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा. नेरूळला सिडकोचा (नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था) फ्लॅट, वडिलांनी १९९४ ला घेतलेला. वडील वारल्यावर नॉमिनेशन आईचं होतं म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा दाखला, आईच्या नावावर करून दिलं. आता त्याला ८५ लाखांचं गिऱ्हाईक आहे. इकडे ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ १ कोटी २० लाखांचा रिसेल टू बीएचके पसंत पडलाय, ६० लाखांचं होम लोन सँक्शन आहे, आणि मालक रविवारपर्यंत १० लाख टोकन मागतोय. एजंट म्हणतो जुना फ्लॅट विकेपर्यंत त्याच्यावर २५ लाखांचं मॉर्गेज लोन काढा. घरात आई, हे वाचक स्वतः आणि बायको. मोठी बहीण दुबईला, धाकटी डोंबिवलीला. टोकन देऊ का?

नका देऊ दादा, या रविवारी तर नकोच. घोडबंदरचं घर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, पण ज्या ८५ लाखांच्या जिवावर तुम्ही उडी मारताय ते अजून तुमच्या हातात यायच्या लायकीचे झालेले नाहीत. नॉमिनी म्हणजे मालक नाही, हे किती घरांत माहीत नसतं! वारस ठरेपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणूनच घेते. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं असं तुम्ही लिहिलंय, मग हिंदू वारसा कायद्याने आई आणि तुम्ही तिघं भावंडं, चौघांचा सारखा हिस्सा. आणि वडील गेले तेव्हा आजी हयात होत्या का ते आधी बघा, कारण असतील तर पाचवा हिस्सा त्यांचा, आणि आता त्या नसतील तर तो हिस्सा काका-आत्यांपर्यंत जातो, मग सह्या किती वाढतात ते तुम्हीच मोजा.

आता हिशोब मांडू. १ कोटी २० लाखांच्या घरावर ठाण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ८ लाख ४० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, ब्रोकर १ टक्का धरला तर १ लाख २० हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी जास्तीत जास्त २५ हजार. झाले १ कोटी ३० लाख. बहिणींनी हक्क सोडला तर नेरूळचे पूर्ण ८५ लाख तुमच्या घरात येतात, त्यातून सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस वगैरे गेले तरी ५० लाखांच्या कर्जात काम होतं, ८ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण ४२ हजार. सँक्शन ६० चं आहे म्हणून ६० उचलायचे असं काही नाही. पण बहिणींना त्यांचा हिस्सा हवा असेल, आणि तो मागण्यात त्यांचं काहीच चुकत नाही, तर तुमच्याकडे आईचे आणि तुमचे मिळून साडेबेचाळीस लाख. अधिक ६० म्हणजे १ कोटी अडीच लाख. घोडबंदरचं घर त्यात बसत नाही. म्हणजे टोकन देण्यासारखं आहे की नाही हे बहिणींच्या उत्तरावर ठरणार, आणि तुमच्या मेलमध्ये त्यांच्याशी बोलल्याचा एक शब्द नाही.

हक्क सोडायला तयार असतील तर रिलीज डीड, म्हणजे हक्कसोडपत्र, रजिस्टर करा, आईच्या नावे. साध्या कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "माझी हरकत नाही" लिहून काही होत नाही. दुबईच्या ताईंना येता येत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत पॉवर ऑफ अटर्नी अटेस्ट करून पाठवतील, इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प लावून घ्यायचा, हे विसरू नका. मग सिडकोच्या रेकॉर्डला आईचं नाव. जमीन सिडकोने लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्याने, दिलेली आहे, म्हणून शेअर सर्टिफिकेट कुणाच्याही नावावर असलं तरी विकताना सिडकोची परवानगी आणि ट्रान्सफर चार्जेस लागतातच, आणि वारसांच्या केसमध्ये कोर्टाचा वारस दाखला मागितला तर त्याला महिने जातात. तुमचं गिऱ्हाईक तेवढं थांबेल का ते विचारून ठेवा.

मॉर्गेज लोनचं म्हणाल तर माझा ठाम नकार. वारसा स्वच्छ नसलेल्या फ्लॅटवर चांगली बँक पैसे देत नाही, जो देईल तो चढ्या व्याजाने देईल. १० टक्क्यांनी १५ वर्षांचं धरलं तरी हप्ता जवळपास २७ हजार, वर ६० लाखांच्या होम लोनचे ५० हजार, म्हणजे तुम्हा नवराबायकोच्या मिळून १ लाख ४० हजार पगारातले ७७ हजार हप्त्यातच. शिवाय जो फ्लॅट विकायचाय त्यावर बोजा चढला की तुमचंच गिऱ्हाईक बिचकणार. कर्ज फेडल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे खरा, पण नियम असला तरी सौद्यातला महिना जायचा तो जातोच.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त खटकली. नवीन घर तुम्ही "मी आणि मिसेस" अशा नावावर घेणार म्हणताय. रिलीज डीडनंतर नेरूळचा फ्लॅट पूर्ण आईचा, म्हणजे विक्रीचा नफाही आईचा. नफा मोजताना धरायची फ्लॅटची २००१ ची किंमत समजा ५ लाख निघाली तर ८० लाख नफा, त्यावर साडेबारा टक्क्यांनी १० लाख टॅक्स, सरचार्ज-सेस वेगळा. हा टॅक्स वाचतो तो आईने तिच्या नावावर घर घेतलं तर, विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत. मुलाच्या नावावर घेतलं तर सवलतीवरून वाद ओढवून घ्याल. पण टॅक्स बाजूला ठेवा, ज्या बाईचं इतक्या वर्षांचं घर विकून तुम्ही नवीन घेताय तिचं नाव कागदावर पहिलं नको? उद्या काही झालं तर तिने कशाच्या आधारावर राहायचं? आई आणि मिसेस दोघीच मालक आणि तुम्ही फक्त कर्जात, असं बँकेने मान्य केलं तर बायकांची १ टक्का सवलत मिळून स्टॅम्प ड्युटीत १ लाख २० हजारही वाचतील.

घोडबंदरचं घर अगदीच सोडवत नसेल तर मालकाला सरळ सांगा, १ लाख चेकने देतो, लेखी एमओयू (समजुतीचा करार) करू, त्यात आमच्या फ्लॅटची सिडको परवानगी आली नाही किंवा तुमच्या टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात, काही निघालं तर पैसे परत, आणि मुदत चार महिने. त्यांच्यावर लोन चालू आहे का, ओसी (इमारतीचा भोगवटा दाखला) आहे का, आधीची सगळी मूळ अ‍ॅग्रीमेंट आहेत का हे वकिलाकडून सर्च काढून बघा. रोख मागितले तर देऊ नका, प्रॉपर्टीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही, पकडलं तर जेवढी रोख तेवढाच दंड. ५० लाखांच्या वरचा सौदा आहे म्हणून १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा, तो मालकाच्या पैशातून जातो.

मालक थांबायला तयार नसेल तर ते घर जाऊ द्या. कासारवडवलीपासून गायमुखपर्यंत रिसेलला टू बीएचके निघत राहतात. या आठवड्यात दुबईला फोन लावा, डोंबिवलीला मात्र फोनवर नको, आईला घेऊन समक्ष जा. आणि वडिलांचं मूळ अ‍ॅग्रीमेंट घेऊन रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून २००१ ची किंमत काढून मला पाठवा, वरचा टॅक्सचा आकडा त्यावर बदलेल.