उसाच्या फडावरून परतलेलं मूल वर्गात मारामारी का करतं, आणि एप्रिलमध्ये त्याच्यासाठी काय करता येतं

बीडच्या शिरूर कासार तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेनं विचारलंय: चौथीतला मुलगा मार्चअखेर कोल्हापूरकडच्या फडावरून, म्हणजे ऊसतोडीवरून, आई-बापासोबत परत आलाय. वर्गात झोपतो, शेजारच्याला फटकन मारतो, पोषण आहारातलं अन्न दप्तरात लपवतो, न विचारता उठून जातो. त्याच वर्गातली एक मुलगी हंगामभर आजीकडे राहिली. ती गप्प झालीय आणि रोज पोट दुखतं म्हणते. सहकारी म्हणतात ही पोरं अशीच असतात. पालकांना बोलावून समज द्यावी का?

मॅडम, समज देण्यासाठी बोलावू नका. आधी त्या मुलाचे गेले पाच-सहा महिने कसे गेले ते नीट विचारून घ्या. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टींची कारणं बहुतेक तिथंच सापडतील.

फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) या जोडीवर असते, आणि ती फिटेपर्यंत दोघांपैकी कुणालाही थांबता येत नाही. दुखणं आलं, पोर तापानं फणफणलं, तरी खाडा (बुडालेला दिवस) पडतोच. म्हणून आई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते आणि अंधारातच दोघं फडावर जातात. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, उरतं नऊ-दहा वर्षांचं मूल आणि त्याच्या जिवावर सोडलेलं धाकटं भावंड. पाणी आणणं, चूल सांभाळणं, कुत्र्यांपासून भाकरी राखणं, धाकट्याला भरवणं हे सगळं त्याच्याकडे. गाडी भरायला रात्री अपरात्री आली की आई-बाप पुन्हा उठतात, आणि पालाच्या एकाच खोपटात मुलाची झोपही मोडते. या वयाला रात्री 9 ते 12 तास झोप लागते. याला ती सलग कित्येक आठवडे मिळालेली नाही.

आता वर्गाकडे बघा. दुपारपर्यंत भाकरी पुरवायची जबाबदारी ज्याच्यावर होती, तो ताटातलं अर्धं बाजूला काढणारच. धाकट्याच्या अंगावर कुणी आलं तर मोठं माणूस जवळ नसायचं, म्हणून आधी हात उगारायचा आणि मग बघायचं ही त्याची सवय. दिवसभर स्वतःच्या मर्जीनं सगळं घर चालवणाऱ्या पोराला पाणी प्यायला परवानगी मागायची ही गोष्टच समजत नाही. तो उद्धट नाही. तिथं ज्या वागण्यानं निभावलं, तेच वागणं तो इथं घेऊन आलाय. हे सुटायला वेळ लागतो, आणि ओरडल्यानं तो वेळ वाढतो.

तुमच्या हातात एप्रिलचा एकच महिना आहे, त्यातही शाळा सकाळची. त्यामुळे सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. पहिले दोन आठवडे फक्त झोप, अन्न आणि मारामारी.

झोप आली तर अर्धा-पाऊण तास कोपऱ्यात सतरंजीवर झोपू द्या, इतर मुलांना कारण सांगून. घरी रात्री किती वाजता निजतो ते आईला विचारा. मोबाईल आणि जत्रांचे दिवस, दोन्ही या महिन्यात असतात. दोन-तीन आठवड्यांनंतरही पेंग कमी झाली नाही, चेहरा पांढुरका दिसत असेल, चढावर धाप लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. 5 ते 11 वर्षांच्या मुलाचं 11.5 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. लक्षात घ्या, फेब्रुवारीतली जंतनाशक गोळी, आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी आणि शाळेतली आरोग्य तपासणी या तिन्ही गोष्टी तो गावात नसताना होऊन गेलेल्या असू शकतात. तपासणीचं पथक आता पुन्हा येणार नाही, तुम्हालाच आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात विचारणा करावी लागेल.

अन्न लपवतो म्हणून दप्तर तपासू नका, चारचौघांत तर नाहीच. पहिली ते पाचवीला रोज 100 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. फडावरून आलेल्या मुलाला तेवढ्यानं भागत नाही, आणि पुन्हा मिळेल याचा त्याला भरवसाही नसतो. स्वयंपाकी ताईंना सांगून त्याला दुसरी वाढ न मागता मिळेल असं बघा. धाकटी बहीण अंगणवाडीत जाते का, तिला तिथलं खाणं मिळालं का, हेही त्याला रोज सांगा. बहीण जेवली हे कळलं की बरेचदा अन्न लपवणं आपोआप बंद होतं.

मारामारीत मात्र ढिलाई नको. हात उचलला की त्याच क्षणी मध्ये पडून दोघांना वेगळं करा, आवाज न चढवता एकच वाक्य बोला, “इथं मारायचं नाही, मला सांगायचं.” का मारलंस हे त्या वेळी विचारू नका, त्याला उत्तर देता येत नाही आणि सगळे बघत असतात. सुट्टीत एकट्याला विचारा. आणि तुम्ही किंवा दुसऱ्या कुणीही त्याला छडी लावायची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे हे एक, आणि मुकादमाची दमदाटी, नशेतली भांडणं पाहून आलेल्या मुलाला मारानं एवढंच कळतं की इथंही जोर असेल त्याचंच चालतं.

या मुलांना शिक्षेपेक्षा खरं काम जास्त शांत करतं. हजेरीची पाटी लिहिणं, पहिलीतल्या दोघांना पाण्याला घेऊन जाणं, वाढपात मदत. ज्याला सहा महिने मोठ्यासारखं वागावं लागलं, त्याला एकदम बाळ करून बाकावर बसवलं तर तो बंड करतो. फक्त मर्यादा ठेवा. घरीही कामाला जुंपलेलाच असेल, तर शाळेत त्याला खेळायला वेळ मिळाला पाहिजे.

अभ्यासाचं म्हणाल तर बुडालेला धडा शोधत बसू नका. वीस मिनिटं एकट्याला घेऊन बघा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातलं काय वाचतो, आणि कुठवरच्या संख्या ओळखतो. तिथून सुरू करा, मग ते दुसरीचं का असेना. गणितात हा मुलगा तुम्हाला चकित करू शकतो. वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या शेकड्यावर विकल्या जातात, आणि पस्तीस पेंढ्यांचे किती हे त्यानं तोंडी केलेलं असतं. तेच उदाहरण फळ्यावर मांडा. सगळ्या वर्गासमोर आपल्याला काहीतरी येतं हे दिसणं त्याला फार गरजेचं आहे.

आजीकडे राहिलेल्या मुलीची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते तिच्याकडे जास्त लवकर लक्ष द्यायला हवं, कारण ती कुणाला त्रास देत नाही. मूल गावात राहिलं की शाळा वाचते, पण आई-बापाचा वियोग वाचत नाही. आई-बाप तोडीला गेल्यावर मुलं गावात राहावीत म्हणून असलेल्या हंगामी वसतिगृहाच्या योजनेत बहुतेक ठिकाणी मुलाला जेवण शाळेत मिळतं आणि झोपायला ते नातेवाइकांकडेच जातं. म्हणून प्रश्न विचारायचा तो हा: रात्री त्या घरात कोण कोण झोपतं? आजीला दिसतं-ऐकू येतं का? दारू पिणारं, येणारं-जाणारं कुणी आहे का? पोटदुखी ही या वयाच्या दुःखाची नेहमीची भाषा आहे, पण आधी शारीरिक कारण तपासून घ्या. लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ आणि जंत यांनीही पोट दुखतं. एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढल्यावर मुलगी आकसत असेल, बसायला त्रास होत असेल, अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं असेल, तर स्वतः चौकशी करत बसू नका. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही.

असं काही नसेल आणि ती फक्त आई-बापावर रुसलेली असेल, तर पालकांना एक गोष्ट जरूर विचारा: जाताना तिला सांगून गेले होते का? मूल रडेल म्हणून पहाटे झोपेत असताना निघून जाणं सर्रास चालतं आणि त्याची जखम सगळ्यात खोल असते. नंतर ते मूल रात्री झोपायला घाबरतं. पुढच्या वेळी आठवडाभर आधी सांगायचं, कुठल्या कारखान्याला जातोय आणि साधारण कधी येणार हे सांगायचं, आईची एखादी जुनी साडी पांघरायला ठेवायची. फोनला वार आणि वेळ ठरवायची. “उद्या येतो” असं खोटं सांगायचं नाही.

पालकांना भेटायचं तर शाळेत अकराला बोलावू नका. संध्याकाळी वस्तीवर जा. पहिलं वाक्य मुलाच्या चांगल्या गोष्टीचं असू द्या, तेही खरं. “तुमचं लक्ष नाही” हे तर म्हणूच नका. उचल अंगावर असताना लक्ष द्यायला वेळ कुठून येणार, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त बोचतं. विचारा: उचल फिटली का, यंदा दिवाळीनंतर पुन्हा जाणार का, कोण कोण जाणार, मोठी मुलगी किती वर्षांची. हा शेवटचा प्रश्न टाळू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वयाच्या विवाहित-अविवाहित बायकांपैकी 18 च्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे 22 टक्के निघाल्या, बीडमध्ये 40 च्या वर. वयात आलेली पोरगी कोपीत ठेवायची भीती, गावात एकटी ठेवायचीही भीती, आणि लग्न झालं की जोडीचा एक कोयता तयार. अशा घरात “कायदा आहे” एवढं सांगून भागत नाही, मुलीला राहायला सुरक्षित जागा दाखवावी लागते. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं यांत जागा आहे का, हे जून उजाडायच्या आत विचारून ठेवा. लग्न ठरल्याचं कळलं तर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना लेखी द्या, सोबत 1098 ला कळवा.

हंगामी वसतिगृह बहुतेक वेळा फसतं ते तारखेमुळे. मजुरांच्या गाड्या दसरा-दिवाळीच्या सुमारास हलतात आणि मंजुरी त्यानंतर येते, तोवर मुलं गेलेली असतात. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राहणाऱ्या मुलांची यादी ऑगस्टमध्येच तयार ठेवा, प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडे देऊन पोच घ्या.

आणि हा मुलगा जाणारच असेल तर रिकाम्या हातानं जाऊ देऊ नका. तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी पत्रक भरून बापाच्या हातात द्या, पत्रकाचा फोटो काढून मुकादमाच्या मोबाईलवरही पाठवा, कारण कागद पावसात जातो. कारखान्याचं नाव, गटाचं गाव आणि मुकादमाचा नंबर तुमच्या वहीत हवा. तिकडच्या शाळेनं दाखल्यासाठी अडवलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगा: दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पत्रकाच्या मागे चार ओळी स्वतःच्या हातानं लिहा. परिच्छेद वाचतो. तोंडी हिशेब पक्का. धाकट्या बहिणीला सोबत बसू द्या. अंगावर ओरडू नका, जवळ जाऊन सांगा.